आधी प्रश्न, मग चित्रं

मृतांच्या स्मारकाची रचना लोकांना विचारून ठरवायची, तर तीन संकल्पचित्रं लावून ऑनलाइन मतदान घ्यावं, असं सुचवलं गेलंय. गोम अशी की चित्र दिसलं की लोक पुतळा उभा की बसलेला यावरच अडकतात. आधी विचारा: इथे येऊन माणसाने काय करावं? नाव शोधावं, फूल वाहावं की नुसतं बसावं? या उत्तरांवरून रचनाकाराला द्यायचा मसुदा बनवा.

मृतांच्या कुटुंबीयांची बैठक सर्वांत आधी आणि वेगळी घ्या, एका वेळी आठ-दहा जण पुरे. जाहीर सभेत त्यांचा आवाज दबून जातो. नावांचा क्रम त्यांनाच विचारा. न्यूयॉर्कच्या ९/११ स्मारकावर नावं वर्णक्रमाने नाहीत. कुणाशेजारी कोण हवं, याच्या कुटुंबीयांकडून आलेल्या १,२०० हून अधिक विनंत्यांनुसार ती मांडली आहेत. कोरण्याआधी प्रत्येक नाव घरच्यांकडून सहीनिशी तपासून घ्या, दगडात खाडाखोड होत नाही.

मसुदा झाला की जागेवर चुन्याने आखणी करा, उंचीसाठी बांबू रोवा. व्हीलचेअर कुठे अडते, ऊन कुठे येतं, हे कागदावर कुणालाच कळत नाही. आणि जागा, खर्चाची मर्यादा असं जे आधीच ठरलंय ते पहिल्याच दिवशी सांगा. नंतर कळलं तर लोक पुढच्या बैठकीला फिरकत नाहीत.