चर्चा : पहिल्या वर्षी कॅड (संगणकावरील रेखाटन) शिकवावे का?

उद्यमनगरकर : शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत मी पॅटर्नचे, म्हणजे ज्याच्याभोवती वाळू ठासून ओतकामाचा साचा करतात त्या नमुन्याचे, काम पाहतो. मागील महिन्यात पदविकेच्या विद्यार्थ्यांनी एका ब्रॅकेटच्या पॅटर्नचे त्रिमितीय मॉडेल आणले. पडद्यावर ते देखणे होते. परंतु पॅटर्न वाळूतून अलगद सुटावा म्हणून उभ्या भिंतींना जो एक-दोन अंशांचा ड्राफ्ट (उतार) द्यावा लागतो तो कोठेच नव्हता, आणि बीड (ओतीव लोखंड) थंड होताना मीटरमागे सुमारे 10 मिलिमीटर आकसते, हेही कोणी धरले नव्हते. भाग कोणासाठी, किती भार झेलणार, कसा ओतला जाणार, हे कागदावर मांडल्याशिवाय संगणकाला हात लावू देऊ नये. पहिले वर्ष सॉफ्टवेअर बंदच असावे, असे माझे ठाम मत आहे.

रेखाटन शिक्षिका : मी असहमत आहे. चूक साधनाची नसून साधन उघडण्यापूर्वी प्रश्न न विचारल्याची आहे, आणि तो दोष कागदावरही तसाच राहिला असता. ड्राफ्ट देण्याची सोय फ्रीकॅडसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही आहे. शिवाय पॅरामेट्रिक मॉडेलमध्ये एक माप बदलले की त्यावर अवलंबून असलेली मापे आपोआप बदलतात. कागदावर संपूर्ण शीट पुन्हा काढावे लागते.

उद्यमनगरकर : सोय आहे, हे मान्य. पण पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जिथे वेगळे होतात ती रेषा, कोठे घ्यायची, हे ठरल्याखेरीज ड्राफ्ट कोणत्या दिशेने द्यायचा ते सॉफ्टवेअर सांगत नाही. ते भट्टीपाशी, मोल्ड (वाळूचा साचा) भरताना पाहूनच कळते.

द्वितीय वर्ष, यंत्र : विद्यार्थी म्हणून माझा अनुभव दोघांनाही थोडा अडचणीचा वाटेल. पहिल्या शीटसाठी मी तीन संध्याकाळी खर्च केल्या, आणि मग रचना चुकीची आहे हे दिसत असूनही ती बदलण्याची इच्छा राहिली नाही. चुकीचा पहिला विचार जपला गेला तो त्या कष्टांमुळे. मात्र हातानेच पाच-सहा ओबडधोबड कच्ची चित्रे काढायला लावली असती, तर असे झाले नसते. आम्हाला ती कोणी मागितलीच नाहीत.

रेखाटन शिक्षिका : हे मला पटते. पुढील सत्रात मॉडेलसोबत कच्च्या चित्रांची वहीही तपासणार आहे, आणि तिला गुण असतील.

उद्यमनगरकर : वर्षभराच्या बंदीचा आग्रह मी सोडतो. वही तपासण्याआधी मुलांना एक दिवस आमच्याकडे पाठवा. मोल्ड भरताना त्यांना शेजारी उभे करतो.