चालीवर पद बसत नाहीये, मदत हवी (आणि नोकरी सोडावी का?)

शब्दवेडी_सांगली
नमस्कार मंडळी. आमचा हौशी संघ यंदा राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटक घेऊन उतरतोय. नऊ पदं माझ्याकडे आहेत. दिवसा बँकेत कॅशवर बसते, रात्री जेवणं उरकली की लिहिते. बुवा चाल पेटीवर वाजवून फोनवर पाठवतात, मी त्यावर शब्द बसवते. सात झाली, आठव्यावर तीन आठवडे अडलेय. दुसऱ्या अंकाच्या शेवटी नायिका एकटी उरते, तिथं ओळ आहे, "विसरू कशी मी ते क्षण". वाचायला मला ती फार आवडते. पण तालमीत गाणारी मुलगी "क्षण"वर येते आणि तिचा आवाजच मिटतो. बुवा म्हणतात, शब्द चांगलेत पण गात नाहीत.

दुसरं जरा मनातलं. गेल्या वर्षी एका दुसऱ्या संघाला सहा पदं लिहून दिली. हँडबिलावर नेपथ्य, रंगभूषा, ध्वनी, सगळ्यांची नावं होती. माझं नव्हतं. आईनं तो कागद दोनदा उलटून पाहिला. तेव्हापासून वाटतं, एक तर हे पूर्णवेळ करावं, नाहीतर सोडून द्यावं. शांताबाई शेळके माझं दैवत. त्यांच्यासारखं नुसत्या गाण्यांवर जगता येतं का?

ऑर्गनवाले_काका
ताई, आधी ओळ बघू. चाळीस वर्षं संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करतोय, त्यामुळे गाणाऱ्याचा श्वास कुठं अडकतो ते मला समोरच दिसतं. "क्षण"मधली दोन्ही अक्षरं लघु, म्हणजे ऱ्हस्व, आणि शेवट "ण"वर. तिथं बुवांना तान घ्यायची असणार. "ण"वर जीभ टाळूला टेकली की तान घ्यायला जागाच उरत नाही. "विसरू कशी मी त्या क्षणां" असं करून बघा. एक मात्रा वाढते आणि शेवटी "आ" मोकळा मिळतो. "क्षणां" जुन्या वळणाचं आहे, पण नाटकातल्या पदाला ते शोभतं.

आता तुमच्या दैवताचंच पद घ्या. 'हे बंध रेशमाचे' या नाटकाची पदं शांताबाईंची, संगीत अभिषेकीबुवांचं. "काटा रुते कुणाला" नुसतं म्हणून बघा. पहिलंच अक्षर "का", शेवटचं "ला". तोंड उघडतं आणि उघडंच राहतं. शांताबाईंचंच, बाबूजींनी (सुधीर फडक्यांनी) गायलेलं "तोच चंद्रमा नभात" घ्या. शेवटी "त" आहे खरा, पण आवाज थांबतो त्याच्या आधीच्या "भा"वर. मुळात ते गाणं शीलाभट्टारिका या जुन्या कवयित्रीच्या संस्कृत श्लोकावरून सुचलेलं, आणि तरी कुठंही जड झालेलं नाही. यमन रागात इतकं सहज बसलंय की ऐकताना श्लोकाची आठवणही होत नाही.

चालीवर लिहिण्यात कमीपणाही मानू नका. जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडलंत तर प्रत्येक पदाच्या डोक्यावर "चाल :" म्हणून कुठल्यातरी आधीच्या गाण्याची ओळ छापलेली असते. 1880 च्या 'शाकुंतल'पासून हेच चालत आलंय.

आणि नोकरीचं. शांताबाई नुसत्या गाण्यांवर कधीच जगल्या नाहीत हो! आधी अत्र्यांच्या 'नवयुग' साप्ताहिकात काम केलं, मग नागपूरला हिस्लॉप कॉलेजात, पुढे परळच्या महर्षी दयानंद कॉलेजात निवृत्त होईपर्यंत मराठी शिकवत होत्या. सेन्सॉर बोर्डावर होत्या तेव्हा चित्रपटगीतं "डॉ. वसंत अवसरे" या नावानं लिहिली. आपलं नाव बाजूला ठेवून. तुमच्या हँडबिलाचं वाचलं तेव्हा मला हेच आठवलं, पण तो त्यांचा निर्णय होता. तुमचं नाव दुसऱ्यांनी गाळलं, ते चूकच.

वेसावकरीण
मी कोळीवाड्यातली. आमच्याकडे हळदीला शांताबाईंची "मी डोलकर" आणि "वादळवारं सुटलं गं" लागल्याशिवाय मांडव हलत नाही. माझी आजी ठाम म्हणायची, ही बाई आपल्यातलीच असणार. त्या जन्मल्या इंदापूरला, समुद्रापासून किती लांब! हे तिला सांगितलं तर तिला शेवटपर्यंत पटलं नाही. 1964 च्या 'मराठा तितुका मेळवावा'त तर एकाच चित्रपटात "रेशमाच्या रेघांनी"ही त्यांची आणि "शूर आम्ही सरदार"ही त्यांचंच. ताई, तुम्ही बँकेच्या खिडकीतून दिवसभर जी माणसं ऐकता ना, त्यांची बोली वहीत टिपत जा. ती नोकरी तुम्हाला शब्द देतेय.

हक्काचं_बोला
फक्त नावाबद्दल. पदं देण्याआधी एक पानभर करार करा. हँडबिल, जाहिरात आणि ध्वनिमुद्रणावर गीतकाराचं नाव, मानधन किती, आणि संहिता दुसऱ्या संघाला द्यायची तर तुमची परवानगी. ओळखीच्या माणसांत मागायला जीव कचरतो, पण मागा. पुढे पद रेकॉर्ड झालं तर 2012 ची कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती लक्षात ठेवा. ध्वनिमुद्रित गाण्याच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत गीतकाराचा हक्क आहे, आणि वारस किंवा आयपीआरएससारखी कॉपीराइट संस्था सोडून तो इतर कुणाला लिहून देता येत नाही. "सगळे हक्क दिले" अशा कागदावर सही करू नका.

शब्दवेडी_सांगली
काका, काल तालमीत "त्या क्षणां" दिलं. मुलीनं पहिल्यांदा सरळ म्हटलं, दुसऱ्यांदा तान घेतली, आणि बुवांनी पेटीवरचा हात काढून तिला एकटीलाच गाऊ दिलं. विंगेत उभी होते, डोळे भरून आले.

वेसावकरीण ताई, वही आणलीय. आज एक आजी पेन्शन मोजताना म्हणाल्या, "पैसं हाताला लागलं की माणसं दाराला लागत्यात." लिहून घेतलं.

करार संघाच्या अध्यक्षांना दाखवला. त्यांनी वाचला, काही न बोलता सही केली, आणि हँडबिलाचा कच्चा नमुना पुढे केला. "पदे" या शब्दापुढं जागा रिकामी होती. नाव मी माझ्या हातानं लिहिलं. नववं पद उद्यापासून.