पाच ठिकाणची देणी आणि एक पगार : फेडीचा क्रम कसा ठरवावा?

प्रश्न – अंबडलिंक

नमस्कार. मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पर्यवेक्षक आहे आणि कपाती जाऊन माझ्या हातात महिन्याला ४६,००० रुपये येतात. दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी विम्याची रक्कम अपुरी पडली, तेव्हा वैयक्तिक कर्ज काढले. पुढे त्याचा हप्ता भरून घरखर्चाला पैसे उरेनात म्हणून किराणा आणि औषधे क्रेडिट कार्डावर जाऊ लागली, आणि बघता बघता एकाची टोपी दुसऱ्याला घालण्याचा प्रकार सुरू झाला.

आजची स्थिती अशी आहे. दोन क्रेडिट कार्डांवर मिळून १,५६,००० रुपये थकले असून व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे. मी किमान देय रक्कम म्हणून दोन्हींचे मिळून ७,८०० रुपये भरतो. वैयक्तिक कर्जाचे २,४०,००० रुपये बाकी आहेत, व्याज १५ टक्के, हप्ता ८,३३० रुपये आणि अजून तीन वर्षे शिल्लक. पतसंस्थेचे १,००,००० रुपये १३ टक्क्यांनी आहेत, हप्ता ३,४०० रुपये, आणि त्याला माझे दोन सहकारी जामीनदार आहेत. पत्नीचे गंठण तारण ठेवून बँकेतून घेतलेले ८०,००० रुपये १० टक्क्यांनी असून त्याची वर्षाची मुदत तीन महिन्यांनी संपते. मोठ्या मामांकडून घेतलेले ५०,००० रुपये हातउसने आहेत. त्यांनी आजवर एकदाही विचारलेले नाही, आणि त्याचेच मला जास्त ओझे वाटते. एकूण ६,२६,००० रुपये.

शिवाय पाच हजारांची बारा जणांची भिशी आहे. तिचे पाच हप्ते भरून झाले असले तरी माझा नंबर अजून लागलेला नाही. घर वडिलांचे असल्याने भाडे नाही, तरी १९,००० रुपये घरखर्चाला लागतात. सगळे देऊन हातात अडीच हजारही उरत नाहीत. एकही हप्ता आजवर चुकलेला नाही, पण कार्डांची बाकी हलायला तयार नाही.

'हप्ते भरणे थांबवा, तेच पैसे आमच्या योजनेत जमा करा, आम्ही बँकेशी बोलून निम्म्या रकमेत मिटवून देतो' अशी एका कंपनीची जाहिरात मी पाहिली. असे काही करावे का? आणि करू नये, तर कोणते देणे आधी फेडावे? गंठणाचे पत्नीला अर्थातच ठाऊक आहे, पण कार्डांचे मी तिला अद्याप सांगितलेले नाही. स्टेटमेंट ईमेलवर येते आणि दर १८ तारखेचा संदेश मी लगेच पुसून टाकतो.

उत्तर १ – जमाखर्च

आपण आकडे नीट मांडलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. अनेकांना आपले एकूण देणे किती हेच ठाऊक नसते.

कार्डांची बाकी का हलत नाही ते आधी पाहू. १,५६,००० रुपयांवर साडेतीन टक्के म्हणजे ५,४६० रुपये व्याज, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटीचे सुमारे ९८० रुपये. म्हणजे महिन्याला ६,४४० रुपये नुसते व्याज आणि करातच जातात. आपण भरता त्या ७,८०० रुपयांतून मुद्दल जेमतेम साडेतेराशेने कमी होते, आणि त्याच महिन्यात कार्डावर दोन हजारांचा किराणा घेतला की बाकी पुन्हा वाढते. शिवाय मागील बाकी पूर्ण भरलेली नसली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागते. म्हणून दोन्ही कार्डे आजच पाकिटातून काढा आणि खरेदीच्या ॲपमध्ये त्यांचे क्रमांक साठवलेले असतील तर तेही पुसा.

यापुढे एक पैचीही खरेदी न करता दरमहा ७,८०० भरत राहिलात, तरी कार्डे फिटायला ४३ महिने लागतील. बाकी कमी होईल तशी किमान देय रक्कमही उतरत जाते. स्टेटमेंटवर जो आकडा येईल तेवढाच भरण्याची सवय ठेवलीत, तर हा काळ कितीतरी लांबेल.

आता उपाय. पहिली गोष्ट भिशी. आपला नंबर पुढे घेता येतो का ते विचारा. ज्यांना घाई नसते असे सभासद नंबर बदलून देतात. ६०,००० रुपये हातात आले की ते थेट कार्डावर भरा, म्हणजे बाकी ९६,००० वर येईल आणि महिन्याला जवळपास २,५०० रुपयांचे व्याज वाचेल. भिशीचे उरलेले सात हप्ते अर्थातच भरावे लागतील, पण तो पैसा आपल्याला बिनव्याजी मिळालेला असेल.

दुसरी गोष्ट गंठण. सोन्याचा भाव गेल्या काही काळात इतका चढला आहे की, वजन पुरेसे असेल तर त्याच ऐवजावर बँक आणखी ९६,००० रुपये देऊ शकेल. तसे झाले तर कार्डांची बाकी एका फटक्यात संपेल आणि ४२ टक्क्यांचे कर्ज १० टक्क्यांवर येईल. जिथे महिन्याला करासह ३,९६० रुपये व्याज गेले असते, तिथे ८०० जाईल. मग सोने तारण कर्ज १,७६,००० रुपयांचे होईल. त्यात आज कार्डांना जाणारे ७,८०० दरमहा भरत राहा आणि सात महिन्यांनी भिशी संपली की तिचे ५,००० त्यात मिळवा. माझ्या हिशेबाने साधारण १८ महिन्यांत कार्डेही फिटतील आणि गंठणही घरी येईल. महिन्याकाठी उरणाऱ्या अडीच हजारांना हात न लावता ते वेगळ्या खात्यात ठेवा, कारण पुढच्या आजारपणात पुन्हा कार्ड बाहेर निघू नये.

वैयक्तिक कर्ज आणि पतसंस्था यांचे हप्ते आहेत तसे चालू द्या. वैयक्तिक कर्ज मुदतीआधी फेडायचे ठरलेच, तर करारपत्रात मुदतपूर्व फेडीचे शुल्क किती आहे ते आधी वाचा. स्थिर व्याजदराच्या कर्जावर ते बऱ्याचदा लागते.

उत्तर २ – निवृत्त सचिव

मी एका नागरी सहकारी पतसंस्थेत सव्वीस वर्षे काम केले आहे, म्हणून आपल्या प्रश्नातील जाहिरातीविषयी आधी लिहितो.

या पद्धतीत कंपनी आपल्याला हप्ते थांबवायला सांगते, आणि नव्वद दिवसांहून अधिक थकल्यावर कर्ज अनुत्पादित (एनपीए) ठरले की बँक तडजोडीला तयार होईल, असा तिचा हिशेब असतो. दरम्यान दंड आणि व्याज चढत राहतात, परत गेलेल्या धनादेशासाठी परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ आणि बँक खात्यातून आपोआप वळता होणारा हप्ता परतल्यास २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स कायद्याचे कलम २५, या दोन्हींखाली फौजदारी तक्रार होऊ शकते, आणि कंपनी स्वतःचे शुल्क घेते ते वेगळेच. तडजोड झाली तरी पत अहवालात, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींत, त्या खात्यापुढे 'सेटल्ड' अशी नोंद येते, आणि पुढे गृहकर्ज मागायला गेल्यावर शाखाधिकारी प्रथम त्या शब्दावर बोट ठेवतो. ज्याची नोकरीच गेली किंवा ज्याच्याकडे खरोखर काही उरले नाही, त्याने थेट बँकेला पत्र देऊन तडजोड मागावी. त्यासाठी मध्यस्थ लागत नाही. आपण मात्र आजवर एकही हप्ता चुकवलेला नाही, तेव्हा ही पत आपल्या हाताने घालवू नका.

काही देशांत कर्जदाराला कायद्याच्या आधाराने परतफेडीची योजना मिळते. आपल्याकडे २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग आजवर केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू झाला आहे. इतरांसाठी ब्रिटिश काळातले नादारीचे कायदे आहेत, पण पगारदार माणसाने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे. म्हणजे योजना आपली आपणच आखायची असते.

'जमाखर्च' यांचे गणित बरोबर आहे, पण त्यात एक भर घालतो. व्याजदराच्या क्रमाने पाहिले तर पतसंस्था व्याजाच्या चार देण्यांत तिसरी येते. प्रत्यक्षात मात्र तिचा हप्ता कोणत्याही महिन्यात चुकता कामा नये, कारण कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. थकबाकी झाली तर संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवते आणि त्यात आपल्याबरोबर त्या दोघांचीही नावे असतात. जामीनदाराच्या पगारातून पहिली कपात झाल्यावर तो आमच्या कार्यालयात येऊन कर्जदाराच्या सहीकडे नुसता बघत बसायचा, असे मी अनेकदा पाहिले आहे. व्याजाचे देणे आणि शब्दाचे देणे यांचे दोन स्वतंत्र रकाने करा. पतसंस्था आणि मामा दुसऱ्या रकान्यात आहेत. मामांना आज पैसे देता येणार नाहीत, पण तारीख देता येईल. अमुक महिन्यापासून दरमहा इतके देईन, असे स्वतः जाऊन सांगा, म्हणजे ते ओझे निम्मे उतरेल.

सोन्याबाबत सावध करतो. वर्षाअखेर एकरकमी परतफेड असलेल्या कर्जात लोक वर्षभर काहीच भरत नाहीत आणि मुदत संपल्यावर लिलावाची नोटीस हातात पडते. मधल्या काळात केव्हाही मुद्दलात रक्कम भरता येते का, आणि मुदतीनंतर व्याज भरून नूतनीकरण होते का, हे शाखेत विचारूनच कर्ज वाढवा. आणि कोणी खासगी सावकार सुचवला तर त्याचा परवाना पाहा. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी अधिनियमाखाली शेतकरी नसलेल्या कर्जदाराला तारणी कर्जावर वर्षाला १५ आणि बिनतारणी कर्जावर १८ टक्क्यांहून अधिक व्याज सावकाराला लावता येत नाही. जो 'शेकडा पाच' म्हणतो तो महिन्याचे सांगत असतो.

उत्तर ३ – सुलेखा

दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, पण दोघांनीही एक गोष्ट ओलांडून पुढची पाने उलटली. गंठण पत्नीचे आहे. त्यावर आणखी कर्ज घ्यायचे की नाही हे त्यांनी ठरवायचे, आणि ते ठरवण्यासाठी त्यांना कार्डांचे कळायला हवे. दर १८ तारखेला संदेश पुसून कोणतीही योजना अठरा महिने चालणार नाही.

आमच्याकडे हेच झाले होते, फक्त लपवणारी मी होते. तीन कार्डे आणि कर्ज देणारे एक ॲप, मिळून २,१०,००० रुपये. सांगितल्यावर दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी यजमानांनी स्वयंपाकघरातले भिंतीवरचे कॅलेंडर काढले आणि प्रत्येक महिन्याच्या ५ तारखेच्या चौकोनात शाईने उरलेली बाकी लिहायला सुरुवात केली. एकतीस महिने लागले. मधल्या दोन दिवाळ्यांना कपडे घेतले नाहीत, आणि एका लग्नाला आहेर कमी केला म्हणून नणंदबाई अजून बोलतात.

एका हप्त्याला माझा उशीर झाला तेव्हा वसुलीचा माणूस रात्री साडेनऊला फोन करून शेजाऱ्यांचे नाव घेऊ लागला. तेव्हा मला ठाऊक नव्हते की, थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये मनाई केली आहे, आणि नातेवाईक किंवा मित्रांना त्रास देण्यासही. अशी वेळ आलीच तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा आणि प्रथम त्या संस्थेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद – अंबडलिंक

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. रविवारी जेवणानंतर दोन्ही कार्डांची स्टेटमेंट छापून पत्नीसमोर ठेवली. तिने बराच वेळ काहीच म्हटले नाही. मग मुलाच्या जुन्या वहीचे कोरे पान काढून सगळी देणी स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहून काढली आणि बेरीज केली. माझ्या बेरजेपेक्षा तिची १,८०० रुपयांनी जास्त आली, कारण कोपऱ्यावरच्या दुकानदाराची उधारी मी धरलीच नव्हती. गंठण ठेवायला ती तयार आहे, पण बँकेत ती बरोबर येणार आहे आणि पावती तिच्या कपाटात राहणार आहे.

भिशी चालवणाऱ्या काकूंनी पुढचा नंबर मला द्यायला एका सभासदाला राजी केले आहे. शाखेतही चौकशी केली. कर्ज वाढवून मिळेल आणि मुद्दलात केव्हाही भरणा चालेल, असे त्यांनी सांगितले. मामांकडे पुढच्या रविवारी जाणार आहोत. एकच विचारायचे राहिले, कार्डांची पूर्ण बाकी भरल्यावर आणखी काही करावे लागते का?

उत्तर ४ – निवृत्त सचिव

होय. स्टेटमेंटवरचा आकडा भरून थांबू नका. स्टेटमेंट निघाल्यापासून भरणा होईपर्यंतच्या दिवसांचे व्याज पुढच्या महिन्यात येते आणि ते वेळेत भरले नाही तर पुन्हा विलंब शुल्क लागते. म्हणून भरण्याच्या दिवशीच बँकेकडून खाते बंद करण्याची नेमकी रक्कम मागून घ्या. त्यानंतर कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज द्या. काही बाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचे असते, आणि तसे न केल्यास दर दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यायचा असतो. एक कार्ड ठेवायचेच असेल तर वार्षिक शुल्क नसलेले ठेवा आणि त्याची मर्यादा कमी करून घ्या.

बेबाकी दाखला, म्हणजे काही देणे उरले नसल्याचे पत्र, प्रत्येक ठिकाणाहून घ्यावा, पतसंस्थेचे फिटेल तेव्हा तिथूनही, आणि त्याची एकेक प्रत दोन्ही जामीनदारांना द्यावी. दोन महिन्यांनी पत अहवाल काढून पाहा. चारही पतमाहिती कंपन्यांकडून तो वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. त्यात कार्डांच्या खात्यांपुढे 'क्लोज्ड' असे आले आहे ना, एवढे वहिनींनाही दाखवा.