कॅमरीपुढे फेरारी ३०८ भंगार?

गिअरवाला: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं: टोयोटाची घरगुती सेडान, २०१८ची कॅमरी, सहा सिलिंडरच्या व्ही-सिक्स इंजिनाची, ३०१ हॉर्सपॉवर; सत्तरच्या दशकात आलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार फेरारी ३०८ जीटीबी, फक्त २५५; म्हणजे फेरारी भंगार, विषय संपला. वाचून डोकं फिरलं. गाडी काय कागदावर चालवतात? ३०८ला पॉवर स्टिअरिंगच नाही, त्यामुळे चाकाखालचा खडा न् खडा हाताला लागतो. इंजिनासाठी हवेत पेट्रोल मिसळणारे चार वेबर कार्बोरेटर पाठीमागे श्वास घेतात ते ऐकू येतं. कॅमरीत काय ऐकू येतं?

मागचीसीट: ते मीच लिहिलं होतं. कॅमरीत मागे झोपलेल्या मुलांचा श्वास ऐकू येतो. तुमच्या ३०८ला मागची सीटच नाही. जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारं एबीएस नाही, एअरबॅग नाही. आणि २५५ हा युरोपातल्या कार्बोरेटरवाल्या गाडीचा आकडा. १९८०ला कार्बोरेटर जाऊन पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आलं आणि तो २१४वर घसरला, ते तर मी धरलंच नव्हतं.

वेबरभक्त: इंजेक्शनचं नाव काढू नका! प्रदूषणाच्या नियमांनी त्या इंजिनाचा गळा आवळला, दोष गाडीच्या माथी.

तेलपाणी: गळा राहू द्या, दुसऱ्या गिअरचं बोला. मामांकडे ३०८ होती. गिअरबॉक्सचं तेल तापेपर्यंत दुसरा पडायचाच नाही. मामा पहिल्यातून थेट तिसऱ्यात टाकायचे, घाई केली की गिअरच्या दांड्याखालच्या धातूच्या जाळीत खणकन् आवाज. गाडीत बसलेला प्रत्येकजण दचकायचा.

वेबरभक्त: तो दोष नव्हे, गाडीची सवय आहे. मामांना कळत होतं, तुम्हाला नाही.

तेलपाणी: मामांवर जाऊ नका. बिल तेच भरत होते. इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा टायमिंग बेल्ट वेळेत बदलला नाही आणि तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात, ही धास्ती कायम. गाडी गॅरेजमध्ये, मामा बसस्टॉपवर.

मागचीसीट: हेच म्हणतोय. गिअर पडत नाही याला सवय म्हणायचं, मग आमच्या आठ गिअरच्या ऑटोमॅटिकनं काय पाप केलंय?

गिअरवाला: पाप हे की ती निर्णय तुमच्या हातात ठेवत नाही. वळणाआधी कुठला गिअर हवा ते मला ठरवायचं असतं.

मागचीसीट: आणि ओल्या रस्त्यावर समोर कुणी आलं तर?

गिअरवाला: तिथे कॅमरी. ब्रेकचं मान्य, पोरं घेऊन पावसात मीही तीच काढीन. पण ‘भंगार’ मागे घ्या.

मागचीसीट: शब्द मागे घेतो. आकडे नाही.