बडोद्यात मानवतावादी पद्धतीचा समुपदेशक कसा शोधावा?

प्रश्न (दांडिया बाजार): वडील गेल्यापासून आई गप्प असते. पूर्वीच्या समुपदेशकांनी पहिल्याच भेटीत तिच्या हाती गृहपाठाचा कागद ठेवला, त्यानंतर ती गेलीच नाही. मानवतावादी पद्धतीत नेमके काय होते, आणि मराठी जाणणारे कोणी मिळेल का?

उत्तर १: मानवतावादी पद्धतीचे एक प्रणेते, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी समुपदेशनातून बदल घडण्यासाठी १९५७ साली मांडलेल्या अटींपैकी तीन विशेष गाजल्या: समुपदेशकाचा सच्चेपणा, विनाअट स्वीकार आणि समानुभूती, म्हणजे समोरच्याच्या जागी राहून त्याचे मन समजून घेणे. त्यामुळे आईंनी ‘मुलाकडे राहायला जाऊ का?’ असे विचारले, तर होय-नाही न सांगता त्या प्रश्नामागची धास्ती समुपदेशक त्यांच्यासमोर शब्दांत ठेवतो आणि त्यांना पुढे बोलू देतो. तयार उपाय हवे असणाऱ्यांना हे सुरुवातीला पोकळ वाटते, हेही खरे.

उत्तर २: दारावरच्या पाटीवर जाऊ नका, प्रशिक्षण कोणत्या पद्धतीचे आहे आणि मराठीत बोलता येईल का, हे फोनवरच विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी तपासावी. सयाजीराव विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातही चौकशी करून पाहावी.

उत्तर ३: जेवण-झोप तुटली असेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञांना दाखवा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.