मदत हवी आहे : मे महिन्यात डेशूट्स नदीवर बोटीने फ्लाय फिशिंग

नदीवेडा
नमस्कार. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही चौघे मित्र अमेरिकेत ऑरेगन राज्यातील डेशूट्स नदीवर बोटीने जाऊन फ्लाय फिशिंग, म्हणजे किड्यासारखी बनावट माशी (फ्लाय) गळाला लावून मासेमारी, करणार आहोत. सॅमनफ्लाय हा ट्राउट माशांना आवडणारा मोठा किडा त्याच सुमारास पाण्यातून बाहेर पडतो, म्हणून हा आठवडा निवडला. मी सहा वर्षे तळ्यांवर आणि लहान ओढ्यांवर फ्लाय फिशिंग करत आलो आहे, परंतु ही नदी अद्याप पाहिलेली नाही. प्रश्न एवढाच आहे की बोटीतून कास्ट करताना (गळ फेकताना) कोणत्या आकाराच्या फ्लाय वापराव्यात आणि नऊ फुटी, पाच वेटचा रॉड पुरेल का (वेट म्हणजे रॉडच्या ताकदीचा क्रमांक). सामान याच आठवड्यात मागवायचे आहे, त्यामुळे कृपया लवकर सांगावे.

वल्हेकर
नदीत कोठे उतरणार, बोट कोठे बाहेर काढणार, बोट कोणती आहे आणि चौघांपैकी वल्ही कोण मारणार, हे आपण लिहिलेले नाही. त्याआधी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. पेल्टन धरणाखालच्या डेशूट्सवर बोटीतून मासे पकडण्यास बंदी आहे. बोट एका जागेहून दुसऱ्या जागी जाण्यापुरतीच वापरायची. गळ टाकायचा तो बोटीतून उतरून.

नदीवेडा
बंदीची कल्पना नव्हती, आभारी आहे. वॉर्म स्प्रिंग्जहून निघून तिसऱ्या दिवशी नदीच्या खालच्या अंगाच्या मोपिन गावाला पोहोचायचे आहे. ड्रिफ्ट बोट (वल्ह्यांची कडक बांध्याची बोट) भाड्याने घेऊ. वल्ही मी मारेन. तळ्यात अनेकदा मारली आहेत. फ्लायबद्दल मात्र अजून कोणी सांगितले नाही.

डोंगरवाट
मी आपल्याला माँटानातील स्मिथ नदीचा विचार करण्यास सुचवेन. ५९ मैलांचा प्रवास, मध्ये बाहेर पडण्यास वाट नाही, दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे. परवाना सोडतीने मिळतो, त्यामुळे अर्ज हिवाळ्यातच करावा लागतो. आम्हाला तिसऱ्या प्रयत्नात मिळाला आणि तो प्रवास आयुष्यभर लक्षात राहील.

वल्हेकर
डोंगरवाट, त्यांची सहल मे महिन्यात आणि डेशूट्सवरच आहे. नदीवेडा, आपल्या मार्गावर ट्राउट क्रीक या काठावरच्या तळाच्या खाली अकरा-बारा मैलांवर व्हाइटहॉर्स हा रॅपिड, म्हणजे खळाळत्या वेगवान पाण्याचा टप्पा आहे. वळणावर नदी खडकांमधून खाली कोसळते आणि पहिले वळण चुकले तर सावरायला जागा मिळत नाही. तळ्यात वल्ही मारणारा माणूस नाव पुढे नेतो. येथे मात्र प्रवाहाविरुद्ध मागे ओढून बोटीचा वेग कमी करायचा असतो. हा हात बसलेला नसेल तर तेथे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काठावरचा
इतके घाबरवण्याचे कारण नाही. मी व्हाइटहॉर्स चार वेळा उतरलो आहे. बोट रॅपिडच्या आधी काठाला बांधावी, चालत जाऊन रॅपिड नीट पाहावा, वाट ठरवावी आणि मगच निघावे.

वल्हेकर
आपण राफ्टने (हवा भरलेल्या रबरी बोटीने) उतरला असाल, तर ती खडकाला आपटून उसळते. ड्रिफ्ट बोट उसळत नाही. ती खडकावर आडवी अडकली की तिच्यात पाणी भरते, आणि चौघेही वेडर (पाण्यात उभे राहण्याची जलरोधक विजार) घालून बर्फगार पाण्यात पडतात. आपले चार प्रवास कशाने झाले, ते कृपया सांगा.

काठावरचा
राफ्टनेच. हा फरक मी लिहायला हवा होता. ड्रिफ्ट बोटीने आणि प्रथमच, तर मीही जा म्हणणार नाही.

मुळाकाठ
विसर्गाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आपण पुण्यात खडकवासल्याचा विसर्ग आणि भिडे पूल पाण्याखाली जाणे यांच्या बातम्या वाचत मोठे झालो, त्यामुळे पाच हजार क्युसेक हा आकडा आपल्याला किरकोळ वाटतो. डेशूट्सला झऱ्यांचे पाणी भरपूर मिळते, म्हणून तेवढा प्रवाह तेथे रोजचाच असतो आणि तो गुडघ्याच्या वर आला की पाय टिकू देत नाही. तळाचे काळे खडक तेल लावल्यासारखे निसरडे आहेत. मी मांडीभर पाण्यात एक पाय उचलला आणि दुसरा तसाच सरकत गेला. काठीच्या आधाराने उभा राहिलो, पण वेडरचा पट्टा सैल होता, त्यामुळे पाणी थेट मोज्यांपर्यंत गेले. पट्टा घट्ट असावा आणि तळाला खिळे असलेले बूट घ्यावेत. निघण्याआधी मॅड्रस गावाजवळच्या मापन केंद्रावरचा आकडा पाहावा.

शिस्तप्रिय
डावा, म्हणजे पश्चिमेचा काठ बराच लांबवर वॉर्म स्प्रिंग्जच्या आदिवासी राखीव क्षेत्रात येतो. तेथे मुक्काम करता येत नाही, आणि मासेमारीही ठराविक पट्ट्यातच, त्यांचा परवाना घेऊनच करता येते. याशिवाय प्रत्येकाकडे ऑरेगनचा मासेमारी परवाना आणि नदीचा बोटर पास हवा. गर्दीच्या शनिवार-रविवारचे पास मर्यादित असतात, त्यामुळे रॉडच्या आधी पास घ्या. रात्री राहणार असाल तर शौचाची बंद पेटी बरोबर न्यावीच लागते.

नदीवेडा
सर्व वाचले. काल रात्री मित्रांशी बोललो आणि मोपिनचा बेत सोडला. वॉर्म स्प्रिंग्ज ते ट्राउट क्रीक एवढेच एका दिवसात जाऊ आणि व्हाइटहॉर्सच्या बरेच आधी बोट बाहेर काढू. दोन रात्री ट्राउट क्रीकच्या तळावर तंबूत राहू. हे ठीक आहे का? दुसऱ्या दिवशी बोट नसताना काय करावे? आणि फ्लायचा प्रश्न अजून तसाच आहे.

वल्हेकर
हा बेत योग्य आहे. तो दहा मैलांचा टप्पा सौम्य आहे. गाडी ट्राउट क्रीकला आणून ठेवणारी शटलची सोय आधीच ठरवा. दुपारनंतर वारा खालून वर वाहतो आणि बोट जागची हलेनाशी होते, म्हणून सकाळी लवकर निघा.

माशीवाला
आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. पाच वेट चालेल, परंतु वाऱ्यात एवढी मोठी फ्लाय फेकायला सहा वेट बरा. सॅमनफ्लायची नक्कल चार ते सहा नंबरच्या गळाची, पोटाशी नारिंगी. गोल्डन स्टोन या दुसऱ्या किड्याची नक्कल सहा ते आठ नंबरची. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. दुसऱ्या दिवसासाठी वॉर्म स्प्रिंग्जजवळच्या मेक्का फ्लॅट ते ट्राउट क्रीक पूर्व काठाने पायवाट आहे. सुरुवातीला गवताच्या काड्यांना चिकटलेली, पाठीवर फाटलेली किड्यांची रिकामी कातडी शोधा. ती दिसली की किडे वर आलेले आहेत असे समजावे. सकाळच्या गारव्यात ते काठावरच्या अल्डर झाडांच्या फांद्यांवर निपचित बसतात, तेव्हा घाईने पाण्यात उतरू नका. ऊन चढून वारा सुटला की ते पाण्यात पडू लागतात, आणि रेडबँड ट्राउट (तेथील ट्राउट मासे) फांद्यांखाली, काठापासून हातभर अंतरावर येऊन थांबतात. फ्लाय तेथेच पडली पाहिजे. नदीच्या मध्यावर फेकलेली वाया जाते.

नदीवेडा
धन्यवाद. पास आजच घेतो. सहा वेटचा रॉड मित्राकडे आहे, तो मागून घेईन.