मदत हवी आहे : वॉर्म-अप व्यवस्थित होतो, तरी पहिल्या क्वार्टरला पोरी पळतच नाहीत

नमस्कार मंडळी,

हा धागा क्रीडा विभागात टाकावा की आरोग्य विभागात, हे ठरेना. चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी नाशिकला आमच्या कॉलनीच्या कोर्टावर संध्याकाळी सतरा वर्षांखालच्या मुलींना बास्केटबॉल शिकवते. बारा जणी आहेत. मी स्वतः कॉलेजात पॉइंट गार्ड खेळले, पण कोचिंगचं शिक्षण वगैरे काही नाही, हे आधीच सांगून टाकते. कोर्ट सिमेंटचं, आणि सध्या सकाळी साडेसातच्या मॅचला त्या सिमेंटवर हात टेकवत नाही इतका गारठा असतो.

अडचण अशी : गेल्या तीन मॅच आम्ही पहिल्या क्वार्टरमध्येच (मॅचच्या चारांतल्या पहिल्या भागात) आठ-दहा पॉइंट मागे पडलो. समोरच्यांच्या फास्ट ब्रेकला, म्हणजे बॉल मिळताच केलेल्या झटपट चढाईला, आमची एकही मुलगी वेळेत मागे पोचत नाही. आणि त्याच पोरी दुसऱ्या क्वार्टरपासून वाऱ्यासारख्या पळतात! म्हणजे दम नाही असं म्हणावं तर तेही नाही.

आमचा वॉर्म-अप : कोर्टाला पाच फेऱ्या. मग गोल करून मानेपासून घोट्यापर्यंत स्ट्रेचिंग, प्रत्येक ताण तीस आकड्यांचा, दोनदा. याला दहा-बारा मिनिटं जातात. नंतर दोन रांगा करून दहा मिनिटं ले-अप (पळत येऊन बास्केटखालून बॉल टाकणं), आणि शेवटी ज्याला जसं जमेल तसं शूटिंग.

आता मुख्य भानगड. आमच्याकडे एक ज्येष्ठ सर मदतीला येतात. त्यांचं ठाम मत, की ताण दिल्याशिवाय पळवलं तर मांडीचा मागचा स्नायू धरणारच. मी वाचलं होतं की एका जागी थांबून दिलेल्या ताणामुळे उलट वेग कमी होतो. म्हणून दोन रविवार टेप लावून २० मीटर पळवून पाहिलं, स्टॉपवॉच माझ्याच हातात. एक मुलगी स्ट्रेचिंगशिवाय ३.५८ सेकंद आणि स्ट्रेचिंग करून ३.७१ पळाली. मी खूश. पुढच्या रविवारी तिचेच आकडे बरोबर उलटे आले. सरांनी वही बघितली आणि काही न बोलता मिशीत हसले. ते हसणं अजून डोक्यातून जात नाहीये.

तर स्ट्रेचिंग बंद करू का? केलं तर त्याजागी काय घेऊ? आणि या पळण्याचं नीट मोजमाप घरच्या घरी कसं करतात? कुणी खेळलेलं, शिकवलेलं असेल तर कृपया सांगा.

— कोर्टाबाहेर

हाडवैद्य :

फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून बोलतो. तुमचं वाचन बरोबर आहे आणि सरही अगदीच चूक नाहीत. २०१६ साली या विषयावरच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता. एका स्नायूला ६० सेकंद किंवा जास्त स्थिर ताण दिला, तर त्यानंतर लगेच मोजलेली ताकद, उडी, वेग यांत सरासरी साडेचार टक्क्यांच्या आसपास घट दिसते. ६० सेकंदांच्या आत राहिलं तर जेमतेम एक टक्का. शिवाय ताणानंतर भरपूर हालचालीचा व्यायाम घेतला तर हा तोटा बहुतेक भरून निघतो.

तुमचं तीस-तीसचं दोनदा म्हणजे साठ झाले, बरोबर उंबरठ्यावर. ते एकदाच आणि पंधरा-वीस आकड्यांचं करा, तेही सुरुवातीला. सरांचा मान राहील आणि पोरींचे पायही.

पण मला खटकलं ते तुमचं ले-अप. हिशेब करून बघा. बारा मुली, एक बास्केट. एका ले-अपला पाच सेकंद धरले तरी एकीचा नंबर मिनिटानं येतो. म्हणजे दहा मिनिटांत ती दहा वेळा चार पावलं पळते आणि बाकीचा वेळ कमरेवर हात ठेवून उभी. फेऱ्यांनी आणलेली ऊब त्या रांगेत निघून जाते. याला वॉर्म-अप म्हणणं धाडसाचं आहे.

कोर्टाबाहेर :

अरे देवा. हा हिशेब मी कधी केलाच नव्हता. आणि रांगेत त्या गप्पा मारतात ते वेगळंच.

तिसरी लेन :

मी धावण्याच्या ट्रॅकवरचा माणूस, त्यामुळे फक्त घड्याळाबद्दल बोलतो. २० मीटरला हातातलं स्टॉपवॉच म्हणजे सोनं तोलायला भाजीचा तराजू. अॅथलेटिक्समध्ये शंभर मीटरची हातानं घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडून पाहताना तिच्यात ०.२४ सेकंद मिळवतात, एवढा फरक निव्वळ अंगठ्याचा. तुमच्या दोन आकड्यांत ०.१३ चा फरक आहे. तो मुलीचा नाही, तुमचा आहे. सर हसले ते योग्यच. (रागावू नका.)

मोबाइलवर स्लो मोशन असेल तर बघा. २४० फ्रेमचं असेल तर एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साधारण चार हजारावा... चुकलो, चार सहस्रांश. फोन हातात धरू नका, कोर्टाच्या बाजूला लांब ठेवा, सुरुवात आणि शेवट दोन्ही एकाच चौकटीत यायला हवेत. पुढचा पाय जमीन सोडतो ती पहिली फ्रेम, छाती रेषेवर येते ती शेवटची. मधल्या फ्रेम मोजा, २४० ने भागा. तिरकस कोनातून बघितलं तर छाती रेषेवर आल्याचा भास आधीच होतो, म्हणून शेवटच्या रेषेच्या अल्याडपल्याड दोन काठ्या उभ्या करा. काठ्या एकमेकींआड गेल्या म्हणजे कोन बरोबर.

आणि दोन्ही प्रकार एकाच सकाळी एकामागून एक घेतले असतील तर ते बाद. दुसऱ्या वेळी अंग आधीच तापलेलं असतं, नाहीतर दमलेलं. अर्ध्या मुलींना आज एक प्रकार, अर्ध्यांना दुसरा. पुढच्या रविवारी अदलाबदल. दोन धावांच्या मध्ये तीन मिनिटं तरी पूर्ण विश्रांती.

आईच ती :

माझी मुलगी पुण्यात खेळते. त्यांच्या ताई हल्ली सगळंच चालता-चालता घेतात. लंजेस (लांब पाऊल टाकून गुडघा वाकवणं), गुडघे वर, टाचा मागे, आडवं सरकणं. मुलींना ते नाचासारखं वाटतं म्हणून आवडतं. वेगाचं मला कळत नाही, पण स्ट्रेचिंगच्या वेळी तोंडं वाकडी व्हायची ती बंद झाली.

बेंचवरचा :

आमच्या वेळी वॉर्म-अप म्हणजे कोर्ट झाडायचं. खराटा घेऊन २८ बाय १५ मीटरचं अंगण झाडलं की घाम यायचा. असो, अवांतर झालं.

एक साधा प्रश्न. ताई, तुमचा वॉर्म-अप संपल्यावर जंप बॉल, म्हणजे मॅचची सुरुवात, किती वेळानं होतो?

कोर्टाबाहेर :

चांगला प्रश्न आहे. सरावाच्या मॅचला लगेच. पण या तीन मॅच स्पर्धेतल्या होत्या. म्हणजे... थांबा, आठवून लिहिते.

पहिली मॅच : वॉर्म-अप झाला, आणि पाहुणे आले नव्हते. पोरी रांगेत उभ्या. मग पाहुणे आले, नारळ फुटला, खेळाडूंची ओळख, पाहुण्यांचं मनोगत. ते स्वतः कधीतरी कबड्डी खेळले होते, त्यामुळे मनोगत लांबलं. दुसरी मॅच : आमच्या आधीची मॅच ओव्हरटाइमला गेली. तिसरी : पुन्हा पाहुणे, वेगळे.

वीस-पंचवीस मिनिटं सहज. कधी अर्धा तास. आणि थंडीत, अर्ध्या चड्डीत.

बेंचवरचा :

झालं. मी चार वर्षं राखीव खेळाडू होतो, मला गार पायांनी कोर्टात उतरण्याचा दांडगा अनुभव आहे. तुमच्या पोरी वॉर्म-अप पहिल्या क्वार्टरमध्ये, मॅच खेळता-खेळता करतायत. म्हणून दुसऱ्या क्वार्टरला पळतात.

हाडवैद्य :

बेंचवरचा यांना दंडवत. मी ताण-ताण करत बसलो आणि मूळ गोष्ट त्यांनी धरली.

यावर फुटबॉलमधला एक चांगला अभ्यास आहे, २००४ चा. हाफ टाइमला नुसते बसून राहिलेल्या खेळाडूंच्या मांडीच्या स्नायूचं तापमान सुमारे दोन अंशांनी उतरलं आणि त्यांचा स्प्रिंट २.४ टक्क्यांनी मंदावला. ज्यांनी त्याच सुट्टीत हलका व्यायाम केला, त्यांचा वेग टिकला. हाफ टाइम असतो पंधरा मिनिटांचा. तुमचे पाहुणे त्याहून जास्त बोलले.

२.४ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. २० मीटरवर ते जवळपास अर्धा मीटर होतं. म्हणजे आपला जुन्या मापाचा एक हात. आणि पास अडवायला तेवढाच एक हात कमी पडतो.

गरम स्नायू जास्त झटकन आकुंचन पावतो, सगळा खेळ त्याचा आहे. म्हणून वॉर्म-अप असा रचा : पाच-सहा मिनिटं सगळ्याजणी एकाच वेळी हलत्या राहतील असं काहीतरी, हळू पळणं, डिफेन्सिव्ह स्लाइड (बचावातलं आडवं सरकणं), ड्रिबल करत पकडापकडी. मग चालत लंजेस, पाय झुलवणं, पोटऱ्या. मग उडी मारून दोन्ही पायांवर, गुडघे आत न वळवता उतरणं. हे मुलींसाठी टाळू नका. त्यांच्यात गुडघ्यातल्या एसीएल नावाच्या अस्थिबंधाच्या दुखापती मुलांपेक्षा बऱ्याच जास्त असतात. फुटबॉलवाल्यांनी बनवलेला ११ प्लस नावाचा वॉर्म-अपचा कार्यक्रम २०१२ साली इटलीतल्या बास्केटबॉल खेळाडूंवर वापरून पाहिला होता, दुखापती कमी झाल्या. नेटवर त्याचे व्हिडिओ आहेत. आणि सगळ्यात शेवटी तीन-चार खरे स्प्रिंट, बेसलाइनपासून (बास्केटमागच्या रेषेपासून) अर्ध्या कोर्टापर्यंत, म्हणजे १४ मीटर. पहिला सत्तर टक्के जोरात, शेवटचा जीव खाऊन. सुरुवात कधी आडवं उभं राहून, कधी पाठ करून, कारण मॅचमध्ये कोणी धावपटूसारखं वाकून सुरू करत नाही.

ले-अप घ्यायचेच तर दोन्ही बास्केट मिळत असतील तेव्हा, किंवा रांग चौघींपेक्षा मोठी नको.

तिसरी लेन :

+१. शेवटचा स्प्रिंट आणि जंप बॉल यांत पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त जाऊ देऊ नका. गेलीच तर पुन्हा दोन धावा. ट्रॅकवर आम्ही कॉल रूमनंतर (शर्यतीआधी हजेरी घेतात ती खोली) ट्रॅकसूट शेवटच्या क्षणापर्यंत काढत नाही, ते उगाच नाही.

कोर्टाबाहेर :

रविवारी मॅच झाली, म्हणून लिहायला आले.

संयोजकांना विनंती केली की ओळखपरेड आधी घ्या, वॉर्म-अप नंतर. ते म्हणाले, पाहुण्यांच्या वेळेवर आहे सगळं. मग मी वॉर्म-अपचे दोन तुकडे केले. मोठा तुकडा आधी, आणि रांगेत उभं असताना ट्रॅकपँट अंगावर ठेवून टाचा उचलणं, जागच्या जागी बारीक उड्या. पाहुण्यांनी मध्येच माइकवरून विचारलं, या मुलींना थंडी वाजतेय का? सगळं मैदान हसलं. पोरी लाजल्या, पण उड्या थांबवल्या नाहीत. पाहुणे खाली बसले तसे दोन स्प्रिंट, आणि लगेच जंप बॉल.

पहिला क्वार्टर तीन पॉइंटनी मागे. मॅच हरलोच, समोरची एक मुलगी पावणेसहा फुटी होती, तिला वॉर्म-अप काय करणार. पण फास्ट ब्रेकला आमच्या दोघी-तिघी प्रत्येक वेळी मागे दिसत होत्या. एका मॅचवरून मी काही सिद्ध झालं असं म्हणत नाही, तिसरी लेन लगेच पकडतील. सरांना पंधरा आकड्यांचा ताण चालला. फक्त मोजताना ते आकडे फार हळू म्हणतात.

बेंचवरचा, तुमच्यासाठी : बदली मुलींना मी आता क्वार्टर संपायच्या दोन मिनिटं आधी बेंचमागे उड्या मारायला लावते. पंच एकदा वळून बघून गेले, काही बोलले नाहीत.

आणि नाशिकरोडच्या बाजूला कुणाकडे मोबाइल लावायची तिपाई असेल तर एक रविवार उसनी मिळेल का? विटांवर ठेवलेला फोन दोनदा पडला.